दारूचा पैसा आणि आरोग्याचा पाठ
(पालक-शिक्षक मेळावा, उल्हासनगर कॅम्प २ येथे दिलेले भाषण)



व्यसनमुक्तीवर चार शब्द बोला, अशी मला आज्ञा झाली. परंतु दारू वाईट, हे या सभागृहात सांगण्यात अर्थ नाही. इस्लामने ती हराम ठरवली आहे, हे येथील लहान मूलही जाणते. आणि दारूने घर कसे बसते हे पाहण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही, आपल्या कॅम्पातली कोणतीही चाळ पुरे. म्हणून मी एक निराळाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. दारूपासून जपा, हे लोकांना सांगायचे कोणी? सरकारने, डॉक्टरांनी, शिक्षकांनी, की दारू विकणाऱ्या कंपनीनेसुद्धा?

प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण जॉनी वॉकर विकणाऱ्या डिआजिओ कंपनीने २०१४ साली आपल्या देशात रस्ता सुरक्षेची मोहीम काढली आणि तीत वाहतूक पोलिसांना प्रशिक्षण दिले. बडवायझर बिअरच्या मालकांनी, म्हणजे एबी इनबेव्ह कंपनीने, संयुक्त राष्ट्रांच्या युनिटार या प्रशिक्षण संस्थेशी याच कामात हातमिळवणी केली. विकणारा आणि आवरणारा एकाच मंचावर येऊन बसले आहेत.

कोणी म्हणेल, पैसा कोणाचा का असेना, काम तर चांगलेच ना? मद्य पिऊन गाडी चालवू नका, हे सांगणे चांगलेच आहे. २०२० च्या साथीत मद्यार्काच्या कारखान्यांनी सॅनिटायझर बनवले, तेही चांगलेच झाले. माल घ्यावा, त्याचे दाम द्यावे; त्यात वावगे काही नाही. परंतु धडा कोणी लिहिला यावर धड्यात काय गाळले जाते हे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सरकारांना पाच उपाय सुचवले : दारू सहजासहजी मिळू देऊ नका, पिऊन वाहन चालवणाऱ्यांना रोखा, व्यसनी माणसाला उपचार मिळवून द्या, जाहिराती बंद करा आणि कर वाढवून किंमत चढी ठेवा. या पाचांपैकी कंपन्यांना प्रेम कोणत्या एकाचे, हे आपल्या लक्षात आले असेलच. त्या उपायाने बाटली एकही कमी खपत नाही, फक्त पिणाऱ्याने घरी रिक्षाने जायचे!

आणि आपल्याकडचा पिणारा मोटार चालवतोच कुठे? जीन्सच्या कारखान्यात आठवडाभर राबणारा माणूस शनिवारी गुत्त्यावर जातो तो पायी, आणि परततो तोही पायीच. त्याची मजुरी जाते, यकृत जाते, मुलाची फी थकते. त्याच्यासाठी ‘जबाबदारीने प्या’ या फलकात काय आहे? दारूने कर्करोग होतो, हे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवून ठेवले. ते वाक्य मात्र अशा फलकावर मी अद्याप पाहिलेले नाही.

आता सरकारविषयी. आपल्या उल्हासनगरचे नामकरण १९४९ चे, आणि मुंबई राज्याचा दारूबंदी कायदाही त्याच वर्षीचा. त्याच्या दहा वर्षे आधी, १ ऑगस्ट १९३९ रोजी, मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, तेव्हा आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती : डॉ. गिल्डर. ते स्वतः हृदयरोगाचे डॉक्टर. दारूचा महसूल बुडणार हे ठाऊक असून त्यांनी पाऊल टाकले. ती बंदी टिकली नाही, गावठी दारूचे धंदे वाढले, हेही खरे. मी बंदीची वकिली करायला उभा नाही. पण खजिन्याच्या आणि दवाखान्याच्या चाव्या एकाच हाती असूनही त्या माणसाने दवाखान्याची बाजू घेतली, हे विसरता येत नाही.

तो १९४९ चा कायदा बदललेल्या स्वरूपात अजून चालू आहे. त्याखाली पिण्यासाठी जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्याच्या कारणासाठी! यावर अधिक काय बोलावे? जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरले, तेव्हा द्राक्ष बागायतदारांचे नाव पुढे झाले आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, असेही आपण ऐकले. गदारोळ झाला, निर्णय बारगळला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. पाच उपायांतला एक उपाय झाला म्हणून मला बरे वाटले. परंतु त्याच निर्णयात धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला वाट मिळाली. देशीची बाटली ८० रुपये, विदेशीची २०५, आणि मधल्या रिकाम्या पायरीवर ही १४८ रुपयांची. वर्षाला चौदा हजार कोटींची जादा भर अपेक्षिली गेली. ज्याचा संसार या भरीवर चालतो, त्याने कंपनीला आरोग्याच्या बैठकीत खुर्ची दिली तर त्यात नवल नाही.

तंबाखूच्या बाबतीत असे चालत नाही. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार भारताने २००४ साली स्वीकारला. त्याचे कलम ५.३ सांगते की आरोग्याचे धोरण तंबाखू व्यापाऱ्यांच्या हितसंबंधांपासून दूर राखा. दारूसाठी अशी भिंत कोणीही बांधलेली नाही. २०१८ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने मद्य कंपन्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या ‘ड्रिंकअवेअर’ या संस्थेबरोबर मोहीम काढली, तेव्हा त्या खात्याचेच सल्लागार सर इयान गिलमोर यांनी पद सोडले. प्रख्यात यकृततज्ज्ञ तो. रोगी रोज पाहत होता. त्याच वर्षी हाइनेकेन बिअर कंपनीशी केलेला करार एड्स-क्षय-मलेरियासाठीच्या जागतिक निधीला दोन-अडीच महिन्यांत स्थगित करावा लागला.

अशी सोबत न घेताही काम होते. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ साली दारूबंदी झाली. २०१६ पासून तेथे सरकार, डॉ. बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट मिळून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालवू लागले. दारू तिथून नाहीशी झाली असे कोणी म्हणणार नाही. पण गावोगावच्या बायका सभेत दारूविरुद्ध बोलतात, तेव्हा मंचामागे बाटलीवाल्याचा फलक नसतो.

हे सगळे आपल्या दारापर्यंत कसे येते, ते सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगितले आहे. शाळा हे त्याचे सोपे ठिकाण. एका शाळेत वाटलेल्या रस्ता सुरक्षेच्या पुस्तिकेचे मलपृष्ठ पाहून नववीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, हे नाव नाक्यावरच्या बोर्डावर आहे, तेच का?” होय म्हटले. “मग ते लोक चांगले आहेत ना?” एवढ्यासाठीच ती पुस्तिका छापली असावी, असे मला वाटून गेले.

आपल्या शाळांना पैसा नको आहे असे नाही. पाण्याची टाकी गळते, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजून वापराव्या लागतात. नकार द्यायचा तर त्याची किंमत आपल्यालाच पडेल, हे समजून मी बोलतो आहे. तरीही माझी विनंती अशी : मद्य कंपनी किंवा तिची धर्मादाय संस्था यांच्याकडून वह्या, फलक, बक्षिसे, व्याख्यान यांपैकी काहीही आपल्या शाळांनी घेऊ नये, आणि सरकारी खात्यामार्फत कार्यक्रम आला तर खर्च कोणाचा, हे मुख्याध्यापकांनी आधी लेखी विचारावे. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम येतील. त्यांचे फलक आपली मुलेच रंगवतील. कागद आणि रंगांचा खर्च शिक्षकांनी वाटून घ्यायचे कबूल केले आहे. ठराव दोन ओळींचा आहे. मी तो लिहून आणला आहे, आणि अध्यक्षसाहेबांच्या परवानगीने आत्ताच चिटणीसांच्या हाती देतो.