दाण्यातले विष आणि कायद्याची मर्यादा



आज मी तुमच्याशी बुरशीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, बुरशीत बोलण्यासारखे काय आहे? ती भाकरीवर येते, लोणच्यावर येते, ओल्या पोत्यावर येते. झटकली की गेली. पण मंडळी, बुरशी झटकता येते, तिने दाण्यात सोडलेले विष झटकता येत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही. जिभेला ते कळेलच असेही नाही. म्हणून ते ओळखावे कसे, कायद्याने त्याला मर्यादा किती घातली आहे, आणि आपण घरी काय करावे, हे आज समजून घेऊ.

हे विष कसे सापडले

१९६० सालची गोष्ट. विलायतेत टर्की नावाचा पक्षी पाळतात. आपल्या कोंबडीहून तो पुष्कळ मोठा असतो. त्या वर्षी तिकडे एक लाखाहून जास्त टर्की पटापट मेल्या. रोग कोणता, कोणालाच कळेना. साथ म्हणावी तर जंतू सापडेना. शेवटी शास्त्रज्ञांनी त्यांचे खाद्य तपासले. त्या खाद्यात ब्राझील देशातून आलेली भुईमुगाची पेंड होती. त्या पेंडीला बुरशी लागलेली होती.

त्या बुरशीचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या नावातला ‘अ’ घेतला, ‘फ्ला’ घेतला, आणि पुढे विष या अर्थाचा ‘टॉक्सिन’ हा शब्द जोडला. झाले नाव, अफ्लाटॉक्सिन. शब्द अवघड आहे. पण दोनदा म्हटला की जिभेवर बसतो. म्हणा एकदा, अ-फ्ला-टॉक्सिन.

तुम्ही म्हणाल, ते पक्षी मेले, आपल्याला काय त्याचे? तर आता आपल्या देशातली गोष्ट ऐका.

१९७४ सालचा पावसाळा सरत होता. गुजरातमधला पंचमहाल जिल्हा आणि राजस्थानमधला बांसवाडा जिल्हा. दोन्हीकडे आदिवासी वस्ती मोठी. मका हेच तिथले रोजचे अन्न. मका तयार झाला आणि अवेळी पाऊस आला. कणसे भिजली. भिजलेला मका तसाच घरात भरला. त्यावर बुरशी चढली. गरिबाच्या घरी दुसरे धान्य कुठले? लोकांनी तोच मका खाल्ला. काही आठवड्यांत माणसांना कावीळ झाली, अन्नावरची वासना गेली, पोटात पाणी झाले. नोंद झालेले रोगी ३९७. त्यांतले १०६ दगावले. त्याच घरांतले उरलेसुरले खाणारी कुत्रीही त्याच रोगाने मेली.

तो मका पुढे तपासला. एका किलोत ६ हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम विष निघाले. आज आपल्या कायद्याची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या चारशे पटींहून अधिक!

आणि हे जुनेच झाले असे समजू नका. २००४ साली आफ्रिकेतल्या केनिया देशात असेच घडले. तिथेही मकाच. ३१७ माणसे आजारी पडली, १२५ मेली.

थोडे थोडे विष

एकदम खूप विष पोटात गेले तर माणूस असा आजारी पडतो. पण रोज थोडे थोडे गेले तर? त्याचे दुखणे लगेच दिसत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो. हे विष यकृताचे, म्हणजे आपल्या लिव्हरचे, वैरी आहे. त्याने यकृताचा कर्करोग होतो, हे जगातल्या शास्त्रज्ञांनी मान्य केले आहे. ज्याच्या अंगात ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू आहेत, त्याला हा धोका कितीतरी पटींनी जास्त. आणि लहान मुलांना धोका मोठ्यांहून अधिक, कारण त्यांचा जीव लहान आणि वाढीचे वय.

कोणी विचारील, “अहो, आम्ही भाजून खातो, शिजवून खातो. मग विष राहील कसे?” बुरशी मरते, हे खरे. पण विष बुरशीसारखे जिवंत नाही. आपल्या चुलीच्या आचेने ते पुरते जात नाही. भाजल्याने थोडे कमी होते, नाहीसे होत नाही. दूध उकळल्यानेही ते जात नाही.

कायदा काय म्हणतो

हे विष शेतातल्या मातीतूनच येते. ते मुळीच नको, असा कायदा करून भागत नाही. तसा केला तर देशातले पुष्कळसे धान्य फेकून द्यावे लागेल. म्हणून जगातल्या देशांनी मर्यादा ठरवल्या. इतक्यापर्यंत चालेल, त्यापुढे नाही.

आपल्या देशात २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला. त्याखालचे नियम २०११ साली लागू झाले. तेव्हा दूध सोडून बहुतेक अन्नाला एकच मर्यादा होती. एका किलोत ३० मायक्रोग्रॅम. पुढे ती वेगवेगळी आणि कडक केली. आता धान्य आणि डाळी यांना १५. शेंगदाण्यासारखे दाणे कारखान्यात पुढची प्रक्रिया करायला जाणार असतील तर १५. तेच दाणे थेट खायला विकायचे असतील तर १०. आणि दुधाला? अर्धा मायक्रोग्रॅम. दुधाची मर्यादा एवढी कडक का? कारण दूध लेकरे पितात.

आता हा मायक्रोग्रॅम म्हणजे केवढा? एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. तरी नजरेसमोर येत नाही ना? मग असे समजा. एका ट्रकमध्ये शंभर क्विंटल मका. असे शंभर ट्रक ओळीने उभे केले. त्या सगळ्या मक्यात मिळून १५ ग्रॅम विष, म्हणजे सुमारे सव्वा तोळा. झाली मर्यादा. शंभर ट्रकांत सव्वा तोळा! त्याहून जास्त निघाले तर तो माल माणसाच्या खाण्यासाठी विकता येत नाही.

युरोपातले देश आणखी कडक आहेत. थेट खाण्याच्या शेंगदाण्याला ते ४ मायक्रोग्रॅमच चालवून घेतात. म्हणून परदेशी जाणारा आपला शेंगदाणा वेगळा तपासला जातो आणि नापास झाला तर परत येतो. भाव पडतो तो शेवटी शेतकऱ्याचाच.

नमुना घेण्यातही एक मेख आहे. हे विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजार दाणे चांगले असतात आणि एका दाण्यात विषाचा साठा असतो. म्हणून वरचा मूठभर माल घेऊन तपासणी होत नाही. अनेक पोत्यांतून, वरून, मधून, खालून माल काढावा लागतो. तो दळून एकत्र करावा लागतो. मगच खरे उत्तर मिळते.

जनावराचे खाद्य आणि आपले दूध

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे उलटे आहे. जे आडात, ते पोहऱ्यात. म्हशीच्या पेंडीत विष असेल तर ते दुधात येते. पेंडीतल्या विषाच्या शंभर भागांपैकी एक ते सहा भाग दुधात उतरतात. आज पेंड खाल्ली तर उद्याच्या दुधात ते दिसू लागते. मात्र पेंड बदलली की काही दिवसांत दूध स्वच्छ होते. ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

आता थोडा हिशेब करू. पाटी घ्या हवी तर. भारतीय मानक ब्युरोने पशुखाद्यासाठी मर्यादा सांगितली आहे, किलोला २० मायक्रोग्रॅम. समजा म्हशीने दिवसाला ५ किलो खाद्य खाल्ले. पाच गुणिले वीस, शंभर मायक्रोग्रॅम विष पोटात गेले. शंभरातले दोन भाग दुधात आले, म्हणजे २ मायक्रोग्रॅम. म्हैस ८ लिटर दूध देते. मग लिटरला पडले पाव मायक्रोग्रॅम. दुधाची मर्यादा अर्धा. दूध पास.

आता पेंड बुरशीची आहे. किलोला १०० मायक्रोग्रॅम. पाच किलोत पाचशे. दुधात उतरले १०. आठ लिटरमध्ये वाटले तर लिटरला सव्वा मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या अडीच पट. दूध नापास.

आणि हे दूध जाते कुठे? संकलन केंद्रात सगळ्या गावाचे दूध एका टाकीत पडते. एका घराच्या पेंडीचा दोष सगळ्या टाकीला लागतो. २०१८ साली सरकारने देशभर दुधाची पाहणी केली. ६४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेहून जास्त निघाले. दुधात पाणी घालणे आपल्याला कळते, त्याचा रागही येतो. पण हे विष कोणी मुद्दाम घालत नाही. ते पेंडीच्या पोत्यातून, आपल्याच गोठ्यातून जाते.

कायदा कुठे थांबतो

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती नीट ऐका.

अन्नाचा कायदा जनावराच्या खाद्याला ‘अन्न’ म्हणत नाही. म्हणजे दुधाला कायद्याने मर्यादा आहे, पण ज्या पेंडीतून विष येते ती त्या कायद्याच्या बाहेर राहते. शिवाय शेतकऱ्याच्या शेतावरच्या मालालाही हा कायदा लागू नाही. तो लागू होतो व्यापाऱ्याला, गिरणीला, कारखान्याला, दुकानाला. शेतकऱ्याला उगाच त्रास होऊ नये म्हणून ही सवलत ठेवली आहे. ते योग्यच आहे.

पण त्याचा अर्थ काय होतो? आपण काय करतो? चांगले टपोरे दाणे निवडून बाजारात नेतो. काळे पडलेले, चिंबलेले, किडके दाणे घरी ठेवतो. “फेकायचे कशाला? घरात चालतील. नाहीतर म्हशीला घालू, कोंबड्यांना टाकू.” शहरातल्या माणसाच्या ताटात जायच्या आधी दाणा तपासला जातो. आपल्या पोरांच्या ताटात पडणारा दाणा तपासायला कोणी अधिकारी येत नाही. त्या ताटापुरता अधिकारी आपणच. पंचमहालातल्या लोकांनी खाल्ला तो मका बाजारातला नव्हता. तो त्यांच्या घरचाच होता.

आपण काय करावे

पहिले काम शेतात. भुईमुगाला शेवटी शेवटी पाण्याचा ताण पडला की ही बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. विहिरीला पाणी असेल तर शेवटची पाळी चुकवू नका. काढताना कुदळीने, खुरप्याने शेंगा फोडू नका. फुटलेल्या शेंगेत बुरशी आधी जाते.

दुसरे काम वाळवण्याचे. वेल उपटले की शेंगा वर, पाला खाली असे पसरा. ढीग घालू नका, ढिगात ऊब धरते. शेंग कानाशी हलवावी, दाणा खुळखुळला पाहिजे. मक्याचा, ज्वारीचा दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. चिवट लागला तर अजून ऊन द्या. मातीच्या अंगणात नको. ताडपत्री किंवा फरशी बरी. शेंगा फोडताना टरफल मऊ व्हावे म्हणून पाणी शिंपडतात. ती सवय सोडा.

तिसरे काम साठवणीचे. पोती जमिनीवर ठेवू नका. खाली फळ्या घाला. भिंतीपासून हातभर लांब ठेवा. छप्पर गळत असेल तर आधी छप्पर शाकारा, मग धान्य भरा. पेंडीचे पोतेही तसेच ठेवा. पेंड महिनोन् महिने भरून ठेवू नका. लागेल तेवढीच आणा.

चौथे काम माझ्या भगिनींचे, आणि ते त्या पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. सुपात दाणे घेऊन निवडणे. याला कोणी शास्त्र म्हणत नाही, पण हे मोठे शास्त्र आहे. विष थोड्याच दाण्यांत असते. ते थोडे दाणे वेचून काढले की बहुतेक विष गेले. काळा, सुरकुतलेला, किडका, रंग बदललेला दाणा बाजूला काढा. पण काढलेले दाणे म्हशीला नाही, कोंबड्यांना नाही. तेलासाठी घाण्यावरही नाही. खड्ड्यात पुरून टाका. बुरशीची भाकरीही गोठ्यात नेऊ नका. बुरशीचा माल हलवताना नाकाला फडके बांधा.

पाचवे काम ग्राहक म्हणून. पेंड विकत घेताना पोत्यावर भारतीय मानकाची खूण आहे का ते पाहा. आता तुम्हाला वाचता येते, मग वाचून घ्या. पोते फोडून पाहा. गाठी, कुबट वास, हिरवट पिवळी भुकटी दिसली तर परत करा. दुकानातल्या खाद्यपदार्थाविषयी संशय असेल तर कायद्याच्या ४० व्या कलमाने तुम्हाला एक हक्क दिला आहे. विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचे, “मी हे तपासून घेणार आहे.” मग फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते.

मंडळी, दोनचार पायल्या दाणे टाकून द्यायला जीव धजत नाही, हे मला माहीत आहे. घाम गाळून पिकवलेले ते धान्य असते. पण ते दोनचार पायल्या दाणे वाचवायला गेलो तर पोराचे यकृत पणाला लागते. सरकारने मर्यादा घातली ती बाजारासाठी. आपल्या घरची मर्यादा आपण घालायची. जो दाणा विकायला लाज वाटते, तो घरी शिजवायचा नाही आणि दावणीलाही घालायचा नाही. एवढे आज ठरवून उठा.