पोरांना उतार वाचायला शिकवा
(शेतकरी पालकांच्या सभेतील भाषण)



पोराला शाळेत घालून पुन्हा मातीतच हात घालायला लावायचे काय, असा सवाल तुम्हांपैकी पुष्कळांच्या मनात आहे, व तो रास्त आहे. कुदळ आपल्या हाती व पोथी दुसऱ्याच्या, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. कुदळीचे नाव काढताच आपण बिचकतो यात नवल नाही. पण जोतीराव फुल्यांनी ही वाटणीच मानली नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शाळांसाठी हिशेबाबरोबर शेतीचे ज्ञानही मागितले. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांध घालण्यास सांगितले, आणि औते हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्या म्हटले. परीक्षा, हा शब्द ध्यानात धरा!

आता ही विद्या पाहा. सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेंड्याशी बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, शेंड्यावरून दगड बांधलेली सुतळी सोडा. पायांची अदलाबदल करून सुतळी पट्टीवर जेथे येते त्या दोन खुणांचा मध्य काढा. सुतळी मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. हे यंत्र उतारावर आडवे चालवीत पोरे समपातळीची रेघ आखतात, तीवर चर खणतात, माती खालच्या अंगास टाकतात व तिजवर गवत लावतात. सुरुवात माथ्याकडून करायची; वरचा लोंढा मोकळा ठेवला तर खालचा बांध टिकत नाही. रेघ चुकली की पहिल्याच वळिवात पाणी एका टोकास धावून बांध फोडते. भूमितीचा असा रोखठोक मास्तर कोठे मिळणार?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहिली व शेतात राबून शिकली. उलट पुष्कळ शाळांत आज काय दिसते? एक रोप, दहा पाहुणे, एक फोटो! आणि खणण्याचे काम गणितात मागे पडलेल्या पोराला शिक्षा म्हणून. हे बंद झाले पाहिजे. डॉक्टरच्या मुलानेही खणावे, मजुराच्या मुलीनेही यंत्र धरावे, व या कामाला गुण असावेत. गावात ताली घालणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांना मानधन देऊन शाळेत बोलवा.

वैशाखात शाळा बंद असते. म्हणून माघातच हे काम धरावे, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत मांडा.