शाळेला सुट्टी, पोटाला नाहीं

(पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



मे महिना लागला कीं मुलांना आनंद होतो, कारण सुट्टी लागते. परंतु ज्या घरांत दुपारची चूल पेटत नाहीं, त्या घरच्या आईला त्याच दिवशीं काळजी लागते. शाळा चालू असतां मुलाला दुपारीं खिचडी किंवा डाळभात मिळतो. शाळा बंद झाली कीं तो घांस घरच्या मडक्यांतून काढावा लागतो. आणि रानांत काम नाहीं, विहिरीला पाणी नाहीं, हातांत मजुरी नाहीं, असा काळ नेमका तोच. हें तुम्हांला मी सांगावें असें नाहीं. तुम्ही तें दरसाल भोगतां. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हें दैव नव्हे. कायद्यांतल्या तीन-चार शब्दांचा हा परिणाम आहे, आणि ते शब्द बदलतां येतात.

सुट्टींत मुलें खरोखर खंगतात काय, असें पोट भरलेले लोक विचारतात. याचें उत्तर शंभरावर वर्षांपूर्वीं तराजूनें दिलेलें आहे. विलायतेंत ब्रॅडफर्ड म्हणून लोकरीच्या गिरण्यांचें शहर आहे. तेथें १९०७ सालीं डॉ. राल्फ क्राऊली यांनीं गरिबांच्या ४० मुलांना एप्रिलपासून जुलैपर्यंत शाळेच्या दिवशीं जेवूं घातलें आणि वरचेवर त्यांचें वजन केलें. मुलें अंगानें भरूं लागलीं. मध्यें सणाची सुट्टी आली, जेवण थांबलें, आणि मुलांचें वजन उतरलें. शाळा उघडली, जेवण सुरू झालें, वजन पुन्हां चढलें. मुलें तींच, आईबाप तेच. फरक फक्त ताटाचा.

तेथें शाळेंत जेवण देण्याचा कायदा १९०६ सालीं झाला होता, पण सुट्टींत त्यावर खर्च करण्याची मोकळीक नव्हती. ती १९१४ च्या कायद्यानें मिळाली. तरी हा प्रश्न तेथें कायमचा मिटला असें समजूं नका. २०२० सालीं सरकार उन्हाळी सुट्टींत गरीब मुलांच्या जेवणाचा खर्च देण्यास तयार नव्हतें. तेव्हां मार्कस रॅशफर्ड या फुटबॉल खेळाडूनें उघड पत्र लिहिलें. तो स्वतः लहानपणीं शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेला. लोक त्याच्या मागें उभे राहिले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. २०२१ पासून इंग्लंडभर नाताळ, ईस्टर व उन्हाळा या सुट्ट्यांत अशा मुलांसाठीं जेवण आणि खेळ यांची मोफत सोय झाली. तिच्यावर सरकार दरसाल सुमारें २० कोटी पौंड खर्च करतें.

आतां आपल्या घरीं या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत दुपारचें मोफत जेवण हा हक्क दिला. पण त्याच कलमांत म्हटलें आहे: शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून. हेच ते शब्द. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं, आणि पुन्हां १३ मे २०१६ च्या निकालांत, दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टींतही जेवण द्या, असें सांगितलें. दुसऱ्या निकालांत अंडें, दूध किंवा तशा पौष्टिक पदार्थाचीही आज्ञा आहे. म्हणजे दुष्काळ जाहीर झाला तर मुलाला भूक लागते, आणि जाहीर झाला नाहीं तर लागत नाहीं, असा हा हिशेब झाला! भूमिहीन मजुराच्या घरीं दरसाल मे महिन्यांत दुष्काळच असतो. त्याची पैसेवारी कोण काढतो?

खर्चाचें काय, असें विचारतील. तर हिशेब करूं. पहिली ते पांचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, असें सरकारचेंच प्रमाण आहे. पन्नास मुलें धरलीं तर रोज ५ किलो तांदूळ आणि १ किलो डाळ. सुट्टीचे ४० दिवस धरले तर २ क्विंटल तांदूळ व ४० किलो डाळ. वर भाजी, तेल व जळण. खोली आहे, भांडीं आहेत, चूल आहे. उरलें स्वयंपाक करणाऱ्या बाईचें मानधन. केंद्राच्या हिशेबांत तें वर्षांतून १० महिन्यांचेंच धरतात. जणूं उरलेले दोन महिने तिला पोट नसतें! म्हणून मागणी करावयाची ती दोघांची करा: मुलाच्या ताटाची आणि तिच्या मजुरीची.

कांहीं भले लोक म्हणतील, गांवानें वर्गणी काढावी. आपल्या लोकांना देणें शिकवावें लागत नाहीं. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवलीं, आणि त्यांच्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां मोडलें. त्या माउलीला माझा नमस्कार. परंतु पुन्हां कोणा बाईला मंगळसूत्र मोडावें लागूं नये म्हणूनच कायदा असतो. दान आटतें, हक्क आटत नाहीं. धान्य व मजुरी सरकारनें द्यावी.

आपण द्यावयाचें तें दुसरें. मुलें केवळ जेवून पांगलीं तर दुपारभर उन्हांत हिंडतात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते. त्यांना शाळेच्या सावलींत थांबवा. मास्तरांची सुट्टी मोडूं नका. गांवांतलीं शिकलेलीं पोरें-पोरी वाचून दाखवतील, खेळ घेतील. सुतारानें रंधा दाखवावा, कुंभारानें चाक फिरवून दाखवावें. पण सुताराच्याच पोराला रंधा आणि कुंभाराच्याच पोराला चाक, असें करूं नका. सगळ्यांनीं सगळें शिकावें. मुलींना खेळांत आधीं घ्या.

शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा २००९ चा कायदा आहे. ती समिती तुमची आहे. सुट्टी लागण्यापूर्वीं तिची बैठक बोलवा. ग्रामसभेंत ठराव करा: सुट्टीचे दिवस वगळणारे शब्द कायद्यांतून काढा, आणि तोंवर आमच्या गांवांत सुट्टींत चूल चालू ठेवा. ठरावावर आयांच्या सह्या घ्या, अंगठे घ्या, आणि नक्कल आमदार-खासदारांच्या हातीं द्या. मत मागावयास आले म्हणजे आधीं त्या कागदाचें काय झालें तें विचारा.