लिलावापूर्वीचें घर



गेल्या पावसाळ्यांत रंकाळ्यावर फिरत असतां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला गांठलें. "गुरुजी, शिवाजी पेठेंत एक घर स्वस्तांत मिळतें आहे. मालकाचे बँकेचे हप्ते थकले आहेत. लिलावाच्या आधींच घेऊन टाकावें म्हणतों," तो म्हणाला. त्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

बँकेचें कर्ज थकलें, कीं २००२ च्या सरफेसी कायद्यान्वयें कर्जदारास ६० दिवसांची नोटीस देण्यांत येते. ती हातीं पडल्यावर बँकेच्या लेखी संमतीवांचून त्याला घर विकतां येत नाहीं. म्हणून मालकाच्या हातीं परस्पर विसार ठेवणें धोक्याचें होय. प्रथम मालकासह बँकेंत जावें. येणें बाकी किती, तें लेखी घ्यावें. विक्रीस संमति मागावी. किंमतींतून बँकेचें देणें आधीं भरावें व उरेल तें मालकास द्यावें. घरफाळा थकला आहे काय, तें पाहावें. मिळकत पत्रिकेवरील बोजा उतरेपर्यंत निश्चिंत राहूं नये.

या व्यवहारास मुदत थोडी असते. पूर्वीं लिलावानंतरही, विक्री पुरी होईपर्यंत, देणें फेडून घर सोडवितां येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनें तो हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरला, आणि २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला.

"मग मालक अडलेलाच आहे; भाव आणखी पाडून मागूं काय?" त्यानें विचारलें.

मी म्हणालों, "बाबा रे, हिशेब नीट मांड. या घराच्या किंमतींतून बँक आपलें येणें पुरतें वसूल करील. तूं जें कमी देशील, तें बँकेच्या पदरचें नव्हे. देणें फिटून त्या कुटुंबाच्या हातीं जें चार पैसे उरावयाचे, त्यांतलें तें असेल. लिलावांतसुद्धां उरलेली रक्कम ज्याची त्यास परत द्यावी, असें कायदा सांगतो. आपण कायद्याहून कठोर कां व्हावें?"

तो कांहीं बोलला नाहीं. पुढें बँकेच्या संमतीनें त्यानें तें घर रास्त भावानें घेतलें, आणि मालकाच्या मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंत त्या मंडळींना तेथेंच राहूं दिलें. माझ्या वर्गांत गणितांत तो नेहमीं कच्चा असे. हा हिशेब मात्र त्यानें बरोबर सोडविला.