गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा आणि त्यांच्या तबकड्या

आपल्या गोंदियाकडे वरात निघाली की पुढं बँड असतो, नाही तर हल्लीच्या रिवाजाप्रमाणं धुमाल पार्टी असते. बँडमास्तर रात्रभर वाजवतो, घामाघूम होतो, सकाळी बिदागी घेतो आणि वाद्य पेटीत घालून पुढच्या गावी निघून जातो. रात्री त्यानं एखादी जागा किती सुरेख घेतली, हे चार माणसांच्या ध्यानात राहिलं तर राहिलं. एरवी ते वाऱ्यावर गेलं. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तिथं ऑर्गनवर बसणाऱ्या मास्तरांची गत काही निराळी नाही. वाजवून पोट भरणाऱ्या माणसांची ही जातकुळी. त्यांतल्याच एका गृहस्थांविषयी आज बोलायचं आहे. ते गिटार वाजवीत, स्वतःचा वाद्यवृंद चालवीत, आणि त्यांचं वाजवणं तबकडीवर उतरलं. मात्र ते उतरलं लंडनमध्ये.

अमान्सिओ डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. घराणं मूळचं गोव्याचं. गोव्याचा ख्रिस्ती माणूस आणि पाश्चात्त्य वाद्य यांची सांगड आपण चित्रपटांत इतकी पाहिली आहे, की ती कशी जमली हे विचारायचं आपण विसरतो. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या जोडीला चालणाऱ्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत, व्हायोलिन हाती देत. हेतू एवढाच, की प्रार्थनेच्या वेळी गाणारे-वाजवणारे गावातच मिळावेत. पण पुढं पोटासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणाला हीच विद्या शेतजमिनीसारखी उपयोगी पडली. कागद समोर ठेवला की न अडखळता वाजवणारी माणसं मुंबईला हवीच होती: हॉटेलांत, क्लबांत, नाचाच्या दिवाणखान्यांत, आणि बोलपट आल्यावर स्टुडिओतही.

त्या काळी ताजमहाल हॉटेलात अमेरिकन निग्रो वादकांचे ताफे येत. लिऑन ॲबी १९३५ च्या सुमारास आले, मागाहून टेडी वेदरफर्ड आले. त्यांचं ऐकून गोवेकर मंडळी जॅझ शिकली. बार्देशातल्या हळदोणे गावचे आंतोनिओ झेवियर वाझ, ज्यांना अवघी मुंबई चिक चॉकलेट म्हणे, ते यांतले अग्रगण्य. ट्रंपेट वाजवीत आणि आपला वाद्यवृंद चालवीत. आपल्या सी. रामचंद्रांना, म्हणजे नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडं शिकलेल्या चितळकरांना, ‘अलबेला’च्या संगीतात १९५१ साली त्यांचा मोठा हात लागला. हा हात पडद्यावरच्या नामावलीत क्वचितच दिसे. दिसलाच तर ‘सहायक’ या एका शब्दात. यांतले कितीतरी वादक मुंबईचा हंगाम संपला की कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवायला जात. नागपूरवरून कलकत्त्याला जाणाऱ्या मेलच्या वाटेवर आपलं गोंदिया जंक्शन लागतं. ट्रंपेटच्या नि गिटारच्या पेट्या घेऊन किती मंडळी इथून पुढं गेली असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

डिसिल्वा वाढले ते या हवेत. आता त्यांनी हाती घेतलेल्या वाद्याविषयी आणि त्यामागच्या गाण्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे. गिटार म्हटली की आपल्याला धागडधिंगा आठवतो, आणि मग पुढचं ऐकायला कोणी तयार नसतं.

जॅझ काय, पुढं आलेलं रॉक काय, दोन्हींच्या मुळाशी ब्लूज नावाचा एक गाण्याचा प्रकार आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या काठच्या कापसाच्या मुलखात, काळ्या मजुरांनी तो घडवला. मळ्यात एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, ही त्याची पूर्वपीठिका. आपल्याकडं रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलाच्या बांधीत परे लावताना बाया गातात. एक सांगते, बाकीच्या झेलतात. ज्यांनी ते ऐकलं आहे त्यांना ब्लूजची ठेवण समजायला पुस्तक नको. त्याची चौकट अगदी साधी आहे. चार चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी तिचं उत्तर. साथीला तीनच मुक्काम: षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभे केलेले स्वरमेळ. तंबोऱ्याची पहिली तार आपण पंचमात लावतो, पंचम वर्ज्य असेल तर मध्यमात लावतो. तेव्हा ही तीन घरं आपल्या परिचयाचीच आहेत.

खरी गंमत गंधारात आहे. ब्लूज गाणारा कोमल गंधार लावतो, पण तो कोमलावर स्वस्थ बसत नाही. शुद्धाकडं सरकतो आणि मध्येच कुठंतरी थांबतो. पियानोवर ही जागा नाहीच, कारण पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं. गिटारीवर मात्र ती आहे. तार बोटानं बाजूला ओढली की स्वर चढतो, सोडली की उतरतो. सतारीवर मींड काढतात ती याच रीतीनं. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार आणि ब्लूजचा गंधार एक, असं मी म्हणणार नाही. दोहोंचं कूळ वेगळं, संस्कार वेगळे. पण ज्याच्या कानाला एकाची सवय आहे त्याला दुसरा परका वाटत नाही, एवढं खास.

गिटारीचा मूळ आवाज लहान. ट्रंपेट आणि ढोल यांच्या गर्दीत तो बुडून जाई. १९३० नंतर तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं बसवून तो आवाज विजेनं मोठा करण्याची युक्ती निघाली. तेव्हापासून गिटार साथीला मागं न बसता पुढं येऊन ट्रंपेटच्या बरोबरीनं बोलू लागली. डिसिल्वा यांची गिटार या विजेच्या पंथातली.

भारतात असताना त्यांनी आपला वाद्यवृंद घेऊन ठिकठिकाणी वाजवलं. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा त्यांना आश्रय लाभला. जॅझ वाजवणारा गोवेकर आणि राजपुतान्याचा दरबार ही जोडी विचित्र वाटेल. पण संस्थानिकांनी बीनकार, सतारिये यांना पोसलं, तसंच हे. आयर्लंडच्या जॉइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाच्या प्रकृतीसाठी जे उपचार हवे होते ते मिळावेत म्हणून १९६७ साली कुटुंब लंडनला गेलं. त्याच वर्षी इकडं मुंबईत चिक चॉकलेट वारले. डिसिल्वा तेव्हा एकतीस वर्षांचे होते. कीर्ती मिळवावी म्हणून ते गेले नव्हते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्यावेळी लंडनमध्ये हिंदुस्थानी संगीताचं वारं सुटलं होतं. रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांची एकत्र तबकडी निघाली होती. बीटल्सच्या गाण्यात १९६५ सालीच सतार शिरली होती. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी निम्मे भारतीय वादक व निम्मे जॅझवाले असा एक मेळ उभा केला होता. त्यात तबल्याला आपले केशव साठे होते. या मेळामागं डेनिस प्रेस्टन नावाचे एक निर्माते होते. लॅन्सडाउन हा त्यांचा स्वतंत्र स्टुडिओ. स्वतःच्या हिंमतीवर ध्वनिमुद्रण करायचं आणि तयार फीत मोठ्या कंपनीच्या हवाली करायची, असा त्यांचा शिरस्ता. कंपनीचे साहेब ‘हे खपेल का?’ म्हणून विचारायला यायच्या आत वाजवणं पुरं झालेलं असे! डिसिल्वांच्या वाट्याला असा माणूस आला, हे त्यांचं भाग्य आणि आपलंही.

१९६९ साली कोलंबियाच्या शिक्क्यावर ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. मोठी म्हणजे एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी. हे महत्त्वाचं आहे. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत आटपे. तेवढ्यात चाल सांगून होते, विस्तार होत नाही. डिसिल्वांच्या वाजवण्यात सारी मौज विस्तारात आहे. जोडीला डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, इयन कार यांचा ट्रंपेट, डेव्ह ग्रीन यांचा डबल बेस आणि ट्रेव्हर टॉमकिन्स यांचे ड्रम. रेंडेल आणि कार यांचा स्वतःचा नावाजलेला ताफा होता, त्यात पियानो असे. इथं पियानो काढून टाकला आहे. त्यामुळं स्वरमेळ धरण्याचं काम गिटारीवर आलं, आणि पियानोच्या पट्ट्यांनी जी वाट अडते ती मोकळी झाली. नावं पाहा: ‘गँजीस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’. शेवटी ‘जॉइस कंट्री’. या नावाचा एक मुलूख आयर्लंडच्या पश्चिमेला आहे, आणि पत्नीचं नावही जॉइस! एका तबकडीवर या गृहस्थानं आपला सारा प्रपंच मांडून ठेवला आहे.

त्याच वर्षी दुसरी तबकडी आली, ‘हम दोनो’. हे दोघे म्हणजे हॅरियट आणि डिसिल्वा. माझ्या मतानं त्यांच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांत ही सरस. हॅरियट यांचा सॅक्सोफोन कधी आर्त, कधी तिखट. डिसिल्वा त्याला उलट उत्तर न देता त्याच्या बाजूनं चालतात. नॉर्मा विन्स्टन या गायिकेचा आवाज आहे, पण शब्द नाहीत. आकारात गळा फिरतो आणि वाद्यांत मिसळून जातो. ‘स्टेफानोज डान्स’ हे वादन मुलाच्या नावाचं. ‘बॅलड फॉर गोवा’ हे गावच्या नावाचं. गोव्याचं म्हणून त्यात मांडो किंवा दुलपद जसंच्या तसं उचललेलं नाही. एक सावकाश चाल आहे, तिला किनाऱ्यावरून उशिरा घरी परतणाऱ्या माणसाची ढब आहे. गिटार फार थोडं बोलते. बारा स्वर वाजवण्याची ताकद असताना तीन वाजवणं, हे वादकाच्या मुरलेपणाचं लक्षण मानतात. इथं ते ऐकायला मिळतं.

आता एक शंका येईल. यांत भारतीय काय आहे? डिसिल्वा काही कोणा खाँसाहेबांचे गंडाबंद शागीर्द नव्हते. सतारीची नक्कलही ते करीत नाहीत, आणि त्या दिवसांत लंडनला नक्कल चांगली खपत होती. ते करतात ते इतकंच, की एक तार षड्जासारखी बोलती ठेवून तिच्यावर चाल फिरवतात, स्वरमेळ वरचेवर बदलत नाहीत, आणि स्वरावरून स्वरावर उडी न मारता घसरत जातात. मुंबईत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर चर्चमधलं गाणं पडतं, इराण्याच्या दुकानातला रेडिओ पडतो, गल्लीतली भजनं पडतात. त्याला दोन संगीतं जोडायची नव्हती. त्याच्या कानात ती आधीच एकत्र नांदत होती. मेयर आणि हॅरियट यांच्या मेळात पुष्कळदा दोन पंगती समोरासमोर बसल्यासारख्या वाटतात, वाढपी इकडून तिकडं धावतात. डिसिल्वांच्या तबकडीत पंगत एकच आहे. हा माझा अभिप्राय. ऐकून कोणाचा वेगळा झाला तर हरकत नाही.

घानाचे ढोलवादक गाय वॉरन यांच्या तबकडीतही त्यांनी १९६९ साली साथ केली. १९७१ ची ‘रिफ्लेक्शन्स’ अधिक गोड, घरगुती. १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या मेळाच्या नावानं ‘ड्रीम सीक्वेन्स’ निघाली, तिच्यात सतार, तबला आणि पाश्चात्त्य वाद्यं एकत्र आली. त्यानंतर हा ओघ आटला. जॅझचे दिवस तिकडंही फिरले होते. रॉकच्या गदारोळात लंडनच्या कितीतरी जॅझवाल्यांना काम मिळेना. जो हॅरियट १९७३ च्या आरंभीच हलाखीत वारले, वय अवघं चव्वेचाळीस. डिसिल्वा १९९६ साली लंडनलाच वारले. वर्तमानपत्रांतून इकडं त्याचा फारसा बोभाटा झाला नाही.

पण याच सुमारास, १९७० नंतरच्या त्या ओढगस्तीच्या वर्षांत, आणखी एका तबकडीचं वाजवणं पुरं होऊन फीत तयार होती. तिचं नाव ‘कोंकण डान्स’. ती बाजारात आली २००६ साली. म्हणजे वाजवणारा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि वाजवल्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये बिऱ्हाड केलेल्या माणसानं ज्या मुलखाचं नाव तबकडीला दिलं, त्या कोकणात ती किती कानांपर्यंत पोचली असेल? मुळात फीत सांभाळून ठेवणारं कोणी नसतं, तर हे नावही उरलं नसतं. त्यांच्या बरोबरीचे मुंबईचे कितीतरी वादक तेवढेच तयारीचे होते. त्यांच्या नावावर चित्रपटांतल्या चार-आठ मात्रांच्या जागा आहेत, आणि कोणती जागा कोणाची, हे सांगणारी माणसं दरसाल कमी होत आहेत.

या तबकड्या पूर्वी जुन्या बाजारात मोठी किंमत देऊनही मिळत नसत. पुढं त्यांतल्या काही पुन्हा निघाल्या, आणि आता मोबाइलवरदेखील ऐकता येतात. ज्यांना हे संगीत नवं आहे त्यांनी ‘इंटिग्रेशन’पासून सुरुवात करू नये, तिथं ट्रंपेट आणि सॅक्सोफोन अंगावर येतात. आधी ‘बॅलड फॉर गोवा’ लावावी, रात्रीची जेवणं झाल्यावर, आवाज बेताचा ठेवून. डबल बेसकडं लक्ष द्यावं, कारण सम तोच दाखवतो. मग ‘जयपूर’ ऐकावी. हे वादन दोन्ही तबकड्यांत आहे, एकदा रेंडेल-कार यांच्यासमवेत आणि एकदा हॅरियट यांच्यासमवेत. एकच चीज दोन साथीदारांबरोबर कशी पालटते, ते लागोपाठ लावलं म्हणजे चटकन कळतं.