अणुसुरक्षेचे शिक्षण : भट्टीपासून भंगारापर्यंत

अणुसुरक्षितता आणि अणुसुरक्षा हे दोन वेगळे विषय आहेत. यंत्र बिघडून किंवा हातून चूक होऊन किरणोत्सार होऊ नये, ही सुरक्षितता. किरणोत्सारी पदार्थ चोराच्या, घातपात्याच्या किंवा अजाण माणसाच्या हाती पडू नये, ही सुरक्षा. पहिल्याचे शिक्षण भारतात जुने आहे. ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय 1957 पासून चालते, तर नियमनासाठी 1983 पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. दुसऱ्याला विद्यापीठात जागा मिळू लागली ती अलीकडे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला तो 2010 मध्ये.

त्याच वर्षी त्याची गरज दिल्लीत दिसली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1968 साली आलेले आणि 1985 पासून पडून असलेले गॅमा किरणयंत्र भंगार म्हणून लिलावात गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि आतल्या कोबाल्ट-60 ने एका कामगाराचा जीव घेतला. त्यात चोर नव्हता की शत्रू. पदार्थ सुटला तो विद्यापीठातूनच, म्हणून हे शिक्षण आधी विद्यापीठांनीच घ्यायला हवे.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडला अणुभट्टी नाही. राज्यातला अणुवीज प्रकल्प तारापूरला, 1969 पासूनचा. तरीही या शिक्षणासाठी हीच जागा योग्य आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंडमध्ये कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, शिवाय साखर कारखाने आहेत. बॉयलर, टाक्या, नळ यांचे सांधे तपासायला उद्योगांत इरिडियम-192 वापरतात. त्याचा स्रोत ज्वारीच्या दाण्याएवढा आणि पेटी एका माणसाने उचलावी एवढी. काम बरेचदा रात्री, दोरी बांधून चालते. मीटर लावून स्रोत पेटीत परतल्याची खात्री झाली का, पेटी कोठडीत गेली का, वहीत सही झाली का, एवढ्यावर सगळी सुरक्षा उभी असते.

अभ्यासक्रमाचा गाभा तीन शब्दांत मावतो: शोध, अडथळा, प्रतिकार. समजा, कुंपण, दार आणि तिजोरी मिळून चोराची 12 मिनिटे खातात आणि पोलीस 8 मिनिटांत पोहोचतात. हिशेब जमला असे वाटते. पण घंटा वाजते ती तिजोरीला हात लागल्यावर, आणि तिजोरी फुटायला 5 मिनिटे पुरतात. आधीची 7 मिनिटे फुकट गेली. भिंत उंच करण्यापेक्षा घंटा कुंपणापाशी आणणे शहाणपणाचे, हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः सोडवले पाहिजे.

किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याच्यापुढे मात्र हे गणित लुळे पडते. म्हणून मनुष्यस्वभाव, पार्श्वभूमीची पडताळणी आणि दोघांनी मिळून कुलूप उघडण्याची शिस्त हेही विषय येतात. कायद्याचा भाग त्यामानाने आटोपशीर. अणुपदार्थांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातली 2005 ची दुरुस्ती 2016 मध्ये लागू झाली, तिथून सुरुवात करता येते.

वर्ग मिश्र असावा. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट 5 आणि 7 आहेत, तर सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, जवान आणि कारखान्याचा किरणसुरक्षा अधिकारी यांनी एकाच बाकावर बसावे. प्रात्यक्षिक भंगाराच्या वजनकाट्यावर घ्यावे: ट्रक आत येतो, मीटरचा काटा हलतो. गाडी कुठे थांबवायची, माणसे किती दूर न्यायची आणि पहिला फोन कोणाला, याचे उत्तर तिघांनी मिळून द्यायचे.