उसाचा पोल आणि फोटॉनचं पोट



गाळप सुरू झालं की लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकच विचारणा असते, ‘पोल किती?’ रसात साखर किती, ते तिथे प्रकाशाकडून मोजून घेतात. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीभूत प्रकाश, गाळलेल्या रसाच्या नळीतून सोडला की त्याचं प्रतल उजवीकडे वळतं. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर आणि २० सेंटिमीटरची नळी असेल, तर पिवळ्या सोडियम प्रकाशाचं प्रतल सुमारे ३४.६ अंश वळतं. तोडलेला ऊस फडातच वाळत पडला, तर साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतं. हे मिश्रण प्रतल उलटं, डावीकडे फिरवतं. पोल घसरतो, उतारा म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेचं प्रमाण घसरतं, आणि उसाचा भाव उताऱ्यावर ठरतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

साखरेचा हा गुण बियो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८१५ मध्ये दाखवला. पुढे फ्रेनेल या भौतिकशास्त्रज्ञानं त्याची उकल केली: सरळ ध्रुवीभूत प्रकाश म्हणजे उजव्या आणि डाव्या पिळाच्या दोन प्रकाशांची बेरीज. साखरेच्या पाण्यात दोघांचा वेग किंचित वेगळा पडतो, म्हणून प्रतल वळतं.

मग प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन मानले, तर हा पीळ कणात कुठे असतो? सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या १९२४ च्या गणितात ध्रुवीकरणाच्या दोन शक्यतांसाठी अवस्थांची संख्या दोनानं गुणली. १९३१ मध्ये रामन आणि भगवंतम यांनी फोटॉनला स्वतःचा स्पिन, म्हणजेच हा पीळ, असल्याचा प्रायोगिक पुरावा मांडला. १९३६ मध्ये बेथ या भौतिकशास्त्रज्ञानं तर प्रकाशाच्या पिळानं टांगलेली स्फटिकाची चकती फिरते हे मोजूनच दाखवलं.

तरी फोटॉनच्या पोटात आणखी काही असेल, ही कल्पना मोठमोठ्यांना भुरळ घालत आली. भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉय यांनी १९३० च्या दशकात फोटॉन हा दोन न्यूट्रिनोसदृश कणांची जोडी असावा असं सुचवलं. देखणी कल्पना! योर्डाननं ती पुढे नेली. पण १९३८ मध्ये प्राइसनं नेमकं दुखरं ठिकाण दाखवलं. फोटॉन बोस यांच्या नियमानं वागावा आणि ध्रुवीकरणही बरोबर उतरावं, या दोन अटी त्या गणितात एकदम पाळता येईनात. पुढे काहींनी डागडुजी केली. भौतिकशास्त्र मात्र रचनाहीन फोटॉनपाशीच थांबलं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

पर्यायी विचाराला माझी ना नाही. आपले जयंत नारळीकर फ्रेड हॉईल यांच्यासोबत विद्युतचुंबकत्वाची वेगळ्या वाटेची मांडणी करत होतेच, पण समीकरणांच्या हिशेबानं. नुसत्या चित्रांवर भागवणारे मात्र पुष्कळ भेटतात.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे फोटॉनच्या रचनेची वही तयार असेल, तर त्या दोन पिळांचं गणित आधी पहिल्या पानावर मांडा. पुढची पानं मग आवडीनं वाचू.